चार दिवस पाण्याच्या मागे: खोपोली, मुळशी, भिरा, कोयना

12 ऑक्टोबर 2020 आठवतोय का, सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती, लोकल जागच्या जागी उभ्या, आणि आमच्या लोअर परळच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. तेव्हा खोपोलीच्या मामाचा फोन आला, तो नुकताच रिटायर झालेला, सगळी नोकरी त्याने पाण्यावरच्या वीजघरात काढलेली. म्हणाला, "घाबरू नकोस, आता घाटातली मशीनं लागतील, ती सगळ्यात आधी उठतात." मला काय कळलं नाही तेव्हा, मशीन उठतं म्हणजे काय. विचारलं तर म्हणाला, "ये एकदा, दाखवतो." ते "एकदा" यायला काही वर्षं गेली. शेवटी यंदा 2 ऑक्टोबरच्या सुट्टीला एक रजा आणि वीकेंड जोडला आणि मी आणि दादा निघालो. दादाला धरणात शून्य इंटरेस्ट, त्याला गाडी चालवायची होती आणि वाटेत खायचं होतं.

दिवस पहिला, खोपोली

सकाळी सहाला निघालो तरी पनवेलला ट्रॅफिक लागायचं ते लागलंच. एक्सप्रेसवे न घेता जुन्या हायवेने गेलो, दहाच्या आत मामाच्या घरी पोहे पुढ्यात. पोहे संपायच्या आत मामाने चप्पल घातली पण.

खोपोलीत मान वर केली की घाट दिसतो, आणि त्या घाटाच्या अंगावरून खाली उतरणारे जाड पाईप. मी लहानपणापासून ते बघत आलेय आणि मला कायम वाटायचं की हे पिण्याच्या पाण्याचे. तर ते वीजघराचे. वर लोणावळ्याला वळवण, शिरवटा आणि लोणावळा अशी तळी आहेत, त्यांचं पाणी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचं आणि तिथून या पाईपातून सरळ खाली सोडायचं, साधारण 500 मीटर. पाईपाला पेनस्टॉक म्हणतात.

मामा म्हणाला, "लोकांना वाटतं धरण वीज करतं. धरण काय करतं, साठवतं. वीज घाट करतो."

मग त्याने दादाला विचारलं, तुझ्या गाडीच्या टायरमध्ये हवा किती? दादा म्हणाला बत्तीस-तेहतीस. "त्या पाईपाच्या तळाला सातशेच्या वर, त्याच मापात." दादाने पहिल्यांदा पाईपाकडे नीट बघितलं. तळाला हे पाणी एका बारीक तोटीतून बाहेर मारतात, आणि 500 मीटर उंचीचा हिशोब घातला तर त्या धारेचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास येतो. वंदे भारतच्या दुप्पट. ती धार चाकावर बसवलेल्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, चाकाच्या दांड्याला जनरेटर, झालं. कोळसा नाही, बॉयलर नाही, वाफ नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मामाने मला मोरीत नेऊन स्टीलचा डाव हातात दिला आणि नळ फुल सोडला. डावाची पाठ धारेखाली धरली तर पाणी नुसतं घसरून खाली जातं, हाताला काही कळत नाही. खोलगट बाजू धरली तर पाणी आत वळून उलटं अंगावर येतं आणि हाताला जोरात धक्का बसतो, माझा ड्रेस भिजला तो वेगळाच. "पाणी जेवढं उलटं वळवशील तेवढा धक्का जास्त," मामा म्हणाला. पेल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने 1880 साली ज्या चाकाचं पेटंट घेतलं त्याच्या वाट्या जोडीने असतात, मधे धारदार कणा, धार कण्यावर दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी जवळजवळ उलटी फिरून बाहेर पडते. आणि चाकाचा वेग धारेच्या निम्मा ठेवायचा असतो, म्हणजे वाटीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जीवच उरत नाही, ते मुकाट्याने खाली गळतं. सगळा जोर चाकाने काढून घेतलेला. उंची कमी आणि पाणी भरपूर असेल तर हे चाक चालत नाही, तिथे फ्रान्सिस नाहीतर कॅप्लान नावाची टर्बाईन लागतात, त्यांत चाक पाण्यात बुडलेलंच असतं.

संध्याकाळी आजोबांचा विषय निघाला. आजोबा सिंधुदुर्गातून येऊन परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागले होते. टाटांनी खोपोलीचं हे वीजघर सुरू केलं 1915 ला, त्याच्या आधी 1911 ला वळवणला धरणाची कोनशिला बसवलेली, जमशेटजी तर 1904 लाच वारले होते. आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, तर मुंबईच्या कापड गिरण्या. तोवर गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या, चिमण्या सगळ्या त्यासाठीच. म्हणजे आजोबा ज्या साच्यावर उभे राहायचे तो ज्या विजेवर फिरायचा तिची सुरुवात इथून, त्यांच्या लेकाचा मेहुणा पुढे जाऊन जिथे नोकरीला लागला त्याच घाटातून. मामा यावर फक्त "हं" म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवस दुसरा, वळवण ते मुळशी

मामाही गाडीत बसला. मामी म्हणाली घेऊन जा, घरात बसून डोकं खातो.

घाट चढून वळवणला आलो, तळं काठोकाठ भरलेलं, भिंत दगडी, जुनी, आणि अजिबात भव्य वगैरे नाही. मला वाटलं होतं धरण म्हणजे उंचच उंच भिंत. मामा म्हणाला इथे भिंतीने फक्त पाणी अडवायचंय, उंची देवाने दिलीय. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस तसा पूर्वेला जायचा, इंद्रायणी, मुळा, तिथून भीमा, कृष्णा आणि शेवटी बंगालच्या उपसागरात, हजार किलोमीटरच्या वर रमतगमत. ते पाणी इथे अडवून पश्चिमेला कड्यावरून टाकलं की दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात अर्धा किलोमीटर खाली येतं. जगात अशा जागा फार नाहीत. खोपोलीचं पाणी वीज करून पाताळगंगेत जातं, ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला वीज करून उल्हास नदीत, म्हणून उन्हाळ्यातही बदलापूर-कल्याणच्या नळाला पाणी असतं, आणि मुळशीचं भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत. एका दगडात दोन पक्षी म्हणावं तर म्हणता येईल, पण पुण्याकडचे लोक म्हणतात हे आमच्या बाजूचं पाणी, आम्हाला द्या, आणि दुष्काळी भागात राहणाऱ्याने असं म्हटलं तर चूक कुठेय.

गाडीत मी मोबाईलवर हिशोब करत बसले. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या आहेत. तशी एक टाकी पाणी 500 मीटरवरून सोडलं तर साधारण 1.2 युनिट वीज मिळते, म्हणजे दीड टनाचा एसी तासभरही धड नाही. आणि तीच टाकी आमच्या सात मजल्यांवरून खाली सोडली तर? 0.05 युनिट. एक युनिट हवं तर वीस टाक्या ओता. तेव्हा कुठे मला मामाचं "वीज घाट करतो" डोक्यात शिरलं.

पवनानगर करून कोळवण, पौड, तिथून मुळशी. दादाने वाटेत तीन ठिकाणी थांबून मिसळ, भजी आणि परत भजी.

मुळशीचं पाणी बघून आधी मन शांत झालं आणि मग मामा बोलायला लागला तेव्हा नाही राहिलं. या तळ्याखाली गावं आहेत, पन्नासच्या आसपास, भाताची चांगली जमीन, देवळं, सगळं. 1921 ला रामनवमीच्या सुमाराला इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, "जान किंवा जमीन" अशी घोषणा, आणि पुढे आले पांडुरंग महादेव बापट. सेनापती हे नाव त्यांना इथे मिळालं. जगातल्या अगदी पहिल्या धरणविरोधी लढ्यांत याची गणना होते. बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, कामगारांची रेल्वे अडवल्याबद्दल सात वर्षं शिक्षा झाली, लढा 1924 पर्यंत मोडला आणि धरण झालंच.

मी म्हणलं, "मामा, थांब जरा. सेनापती बापट म्हणजे आमच्या रोडवालेच ना?"

आम्ही राहतो सेनापती बापट मार्गाला लागून. तुळशी पाईप रोड म्हणतात अजून सगळे, रिक्षा नसते तिथे म्हणून टॅक्सीवाल्याला पण तेच सांगतो. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिरण्या होत्या, आता टॉवर आणि मॉल. ज्या घाटातल्या विजेवर त्या गिरण्या चालल्या त्यातल्याच एका धरणाविरुद्ध जो माणूस लढला, त्याचं नाव त्या गिरण्यांसमोरच्या रस्त्याला. मी तीस वर्षं त्या पाटीखालून जातेय. दादा एवढंच म्हणाला, "च्यायला." बरोबर बोलला.

मामाला वाईट वाटलं असावं, त्याची भाकरी त्याच विजेवर. रात्री होमस्टेच्या ओट्यावर तो आपणहून म्हणाला की बाई, नोकरीत कुणी आम्हाला हे सांगितलं नाही, इथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, त्याच्या आज्याचं घर खाली आहे म्हणाला, आणि त्याच्या वाडीत लाईट आमच्या कॉलनीच्या कितीतरी नंतर आली.

दिवस तिसरा, भिरा, कुंडलिका आणि खड्डे

पहाटे साडेपाचला निघालो, ताम्हिणीत धुकं एवढं की दादा खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. खाली उतरून भिऱ्याकडे वळलो. गेटवर सिक्युरिटीने आत सोडलं नाही, मामाने जुनी ओळख सांगून बघितली, तो पोरगा म्हणाला काका परवानगी आणा. योग्यच आहे खरंतर, पण मामाचा चेहरा एवढासा झाला.

म्हणून बाहेरूनच. भिरा 1927 चं, जुनी मशीनं 150 मेगावॅटची, आणि 1997 ला तेवढंच अजून एक मशीन बसवलं ते वेगळ्याच जातीचं, पंप्ड स्टोरेज. हे मला सगळ्यात आवडलं कारण आमच्या सोसायटीत रोज हेच चालतं. वॉचमन रात्री पंप लावतो, खालच्या टाकीतलं पाणी वर चढतं, सकाळी आपण वापरतो. इथेही तेच, ज्या वेळी विजेला गिऱ्हाईक नाही तेव्हा खालचं पाणी वर मुळशीत चढवायचं, आणि संध्याकाळी सगळी मुंबई एकदम एसी-टीव्ही लावते तेव्हा तेच पाणी खाली सोडायचं. मशीन तेच, उलटं फिरवलं की पंप. चार युनिट घालून तीनच परत मिळतात, थोडं जास्त फार तर. मी म्हणलं मग हा तोट्याचा धंदा नाही का? मामा म्हणाला, "दुपारी दोनची वीज आणि संध्याकाळी सातची वीज एक नव्हे. दादरला सकाळी सातला मिळणारी भाजी आणि रात्री अकराची, भाव एक असतो का?" आता सोलर वाढलंय तर दुपारी वीज भरपूर आणि सूर्य मावळला की ओरड, म्हणून सगळे या पंप्ड स्टोरेजच्या मागे लागलेत. आपल्याकडे घाटघरला 2008 पासून 250 मेगावॅटचं आहे, वरचं तळं प्रवरेवर, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. टाटांनी पण भिवपुरी आणि शिरवट्याला मिळून 2800 मेगावॅटचं जाहीर केलंय. आज खोपोली 72, भिवपुरी 75, भिरा 300, एकूण 447, आणि मुंबईची उन्हाळ्यातली मागणी चार हजारच्या आसपास, म्हणजे सगळी मुंबई पाण्यावर चालते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

"उठतात" म्हणजे काय तेही इथेच विचारलं. कोळशाचं बंद पडलेलं स्टेशन परत चालू करायला बाहेरून वीज लागते, बॉयलर तापायला तास न् तास जातात. पाण्याचं मशीन व्हॉल्व उघडला की काही मिनिटांत फुल लोडवर, आणि बाहेरची वीज नसली तरी चालू होऊ शकतं. लॉकडाऊनमध्ये 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊला आपण नऊ मिनिटं दिवे घालवून पणत्या लावल्या होत्या ना, तेव्हा देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने एकदम पडली आणि नऊ मिनिटांनी परत चढली. ते धक्के झेलायला हायड्रोने, म्हणजे पाण्यावरच्या वीजघरांनी, जवळपास साडेसतरा हजार मेगावॅट खाली आणले आणि मग अकरा हजारच्या आसपास परत वर नेले. आम्ही गॅलरीत पणत्या लावत होतो, आणि देशभरातले ऑपरेटर घामाघूम.

भिऱ्याचं पाणी पुढे रवाळज्याला अजून एकदा वीज करतं आणि मग कुंडलिकेत सुटतं, त्यावर कोलाडचं राफ्टिंग. काठावर पोचलो तर नदी म्हणजे नुसते धोंडे, मधून घोटाभर पाणी. राफ्टवाले निवांत चहा पीत बसलेले, म्हणाले थांबा, अजून सोडलं नाही. माझ्या समोर एक म्हशीएवढा काळा दगड होता, त्यावर खंड्या बसलेला. पंधरा मिनिटं काहीच नाही, मग दगडाच्या पायाशी फेस दिसला, मग पाणी कमरेपर्यंत, खंड्या उडाला, आणि अजून थोड्या वेळात दगड दिसेनासा होऊन त्या जागी नुसता पांढरा उसळणारा फुगा. आवाज पण नंतर आला, आधी पाणी. मुंबईत कुणीतरी गीझर लावला आणि इथे नदी आली, असं काहीसं. राफ्टमध्ये दादा सगळ्यात जोरात ओरडला, मामा काठावरूनच बघत राहिला, त्याला या पाण्यात मजा करणं काही पटेना.

तिथून चिपळूण. हायवेबद्दल काही लिहीत नाही, जे गेलेत त्यांना माहितीय, जे नाही गेले त्यांची कंबर चांगली आहे. माणगावला टायर पंक्चर झाला आणि पंक्चरवाल्याने हवा भरताना मामाने दादाला परत सातशेची आठवण करून दिली.

दिवस चौथा, पोफळी, कुंभार्ली, कोयना

चिपळूणला सकाळी हॉटेलात चहा पिताना मामाने कोयनेच्या अवजलाचा विषय काढला, अवजल म्हणजे वीज करून झाल्यावर सुटलेलं पाणी, ते वाशिष्ठीतून दाभोळला समुद्रात जातं. ते मुंबईला पिण्यासाठी आणायच्या गोष्टी कितीतरी वर्षं चालल्यात. गल्ल्यावरचे काका मात्र म्हणाले पाण्याचं नाव काढू नका, 2021 च्या जुलैतल्या पुरात इथे टेबलावर टेबल ठेवून बसलो होतो. भिंतीवरची ओल अजून दिसते.

पोफळीला कोयनेचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे, बाहेरून फक्त तारा आणि टॉवर. मग कुंभार्ली घाट, ढग गाडीच्या काचेला चिकटलेले, आणि वर गेल्यावर कोयनानगर. इथल्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस, कधी त्याहून जास्त, मुंबईच्या दुप्पट. धरण 103 मीटर उंच, आठशे मीटरच्या वर लांब, पूर्ण भरलं की 105 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर, आणि तो पोफळीच्या उंचीवरून पडला तर माझ्या हिशोबाने साधारण 3.3 कोटी युनिट. पण पाहिजे तेवढं पश्चिमेला सोडता येत नाही, राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलीय, बाकीचं पूर्वेला शेतीला. ते सोडतानाही धरणाच्या पायथ्याशी 40 मेगावॅट काढून घेतात. सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॅट, त्यातला चौथा टप्पा एकटाच 1000.

या चौथ्या टप्प्याची गोष्ट मामाने रंगवून सांगितली. तळं भरलेलं, रिकामं करायचं नाही, आणि तळाला बोगद्याचं तोंड तर पाडायचंय. मग बोगदा खालून खणत वर आणला, तळाशी फक्त खडकाचं बूच ठेवलं आणि 13 मार्च 1999 ला ते सुरुंगाने उडवलं. आशियातलं पहिलं लेक टॅपिंग. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरही मशीन चालावं म्हणून 2012 ला अजून खाली दुसऱ्यांदा केलं. बुचाचा दगड आत येऊन मशीन मोडू नये म्हणून आधीच खाली खड्डा खणून ठेवतात, दगड त्यात पडतो. मला त्या खड्ड्याचं फार कौतुक वाटलं.

धरणासमोरच्या बागेत बसलो तेव्हा मामा गप्प होता. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे इथे भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली, भिंतीला वरच्या अंगाला तडे गेले, मुंबईलाही हादरा जाणवला. तळ्यात साठलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, यावर जगभरात अभ्यास झाला तो याच्यामुळे, आणि कोयनेचं नाव त्या विषयात पहिल्यांदा घेतलं जातं. भिंत नंतर मजबूत केली. इथून उठवलेली माणसं रायगड, ठाणे कुठे कुठे वसवली, त्यातल्या काहींची प्रकरणं अजून चालूच आहेत. मी विचारलं, मग ही स्वच्छ वीज म्हणायची का नाही? मामा म्हणाला, "2019 पर्यंत 25 मेगावॅटच्या वरचं हायड्रो सरकारी हिशोबात रिन्यूएबल नव्हतंच, एका निर्णयात झालं. पाणी तेच, मशीन तेच." मग थोड्या वेळाने, "धूर नाही एवढं खरं. बाकी बुडालेलं जंगल कुजतं त्याचा मिथेन निघतो, गाळ साठतो, तो काढणार कोण. पण आहेत ती धरणं आहेत, ती तरी नीट वापरा. नवीन बांधताना मात्र मुळशीच्या त्या म्हाताऱ्याला विचारा आधी."

परतीला पाटण, उंब्रज, सातारा, पुणे. मामाला खोपोलीला सोडलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ, मामीने दारातच विचारलं, "किती डोकं खाल्लं?" दादा म्हणाला मामी, टायरमध्ये हवा भरताना मला आता भीती वाटते.

घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले. तुळशी पाईप रोडला गाडी घातली, बिल्डिंगखाली आलो तर वरून धो धो पाणी पडत होतं. पाऊस नव्हता. वॉचमन खुर्चीत झोपलेला, पंप चालू, गच्चीवरच्या टाक्या भरून वाहत होत्या. मी सात मजले वर बघितलं आणि दादाला म्हणलं, "वीस टाक्यांना एक युनिट." तो म्हणाला आधी पंप बंद कर.